नळीखालचं नाव

आमची फौंड्री कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. वडिलांनी ती सुरू केली, आता मी चालवतो. १९९४ साली एका संस्थेनं आवारात मांडायला दोन तोफा ओतून मागितल्या होत्या. पाच फुटी, ग्रे आयर्नच्या, आतून आरपार न जाणारा कोअर टाकलेल्या, म्हणजे निव्वळ शोभेच्या. पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, सागवानी, वडिलांच्या हातचा. तोंडाकडची कमळाची पाकळी त्यांनी आठ दिवस बसून कोरली होती. माल निघाल्यावर फेटलिंगला, म्हणजे साफसफाईला, साच्याच्या दोन्ही पेट्यांमधली जोडरेषा ग्राइंडरनं घासून काढली, पण एका तोफेच्या खालच्या अंगाला ती हातभर तशीच राहिली. ती बाजू चौथऱ्यावरच टेकणार होती, कोण बघतंय, असं आम्ही म्हणालो.

गेल्या पावसाळ्यात काही कामानं त्या आवारात गेलो. तोफा काळ्या ऑइलपेंटनं रंगवलेल्या, त्यातल्या एकीला झेंडूचा हार, आणि पुढं संगमरवरी फलक: 'शिवकालीन तोफ'. मी खाली वाकून हात घातला. जोडरेषा बोटांना लागली, तीच.

तिथल्या व्यवस्थापकांना मी सांगितलं. गृहस्थ सज्जन होते, चहा मागवला, ऐकून घेतलं. म्हणाले, "काका, मी आलो तेव्हापासून या तोफा इथंच आहेत. आधीच्या साहेबांनाही तसंच माहीत होतं. तुमच्याकडं बिल असलं तर दाखवा." तीस वर्षांपूर्वीचं बिल माझ्याकडंही नाही. २०१९ च्या पुरात आमच्या जुन्या वह्या गेल्या.

या सगळ्यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते. आम्ही नक्कल म्हणून विकली, त्यांनी नक्कल म्हणून घेतली. मधे फक्त तीस वर्षं गेली, माणसं बदलली, आणि वस्तूवर तिची स्वतःची ओळख सांगणारं एक अक्षरही नव्हतं. तेवढ्यावर नक्कल अस्सल झाली. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक त्या फलकाचा फोटो छापील, आणि मग ती चूक पुराव्यात जमा होईल.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. जुन्या शस्त्राची, विशेषतः बंदुकीची आणि तोफेची, जी कोणती प्रतिकृती आज बनते, तिच्या धातूवर बनवणाऱ्याचं नाव, गाव आणि इसवी सन खोल ठोकलेलं असलंच पाहिजे. खरेदीदारानं नको म्हटलं तरी ते टाळता येऊ नये, आणि नंतर कोणी घासून काढलं तर तो गुन्हा मानला जावा.

हे सांगायला मी काही इतिहासकार नाही. पण कास्टिंग कळतं. आमच्याकडून ट्रॅक्टरचा साधा ब्रॅकेट जातो, दोन-तीन किलोचा, तर त्याच्यावर फौंड्रीची खूण, पार्ट नंबर आणि हीट नंबर असतो. उद्या तो ब्रॅकेट कुठं पंजाबात तडकला तर कोणत्या दिवशीच्या कोणत्या भट्टीतला रस होता, हे आम्हाला सांगता येतं. खूण नसलेला माल गिऱ्हाईक गेटवरूनच परत पाठवतं. ब्रॅकेटला एवढी शिस्त आणि जी वस्तू आपण शिवाजी महाराजांच्या नावानं चौथऱ्यावर मांडतो, मुलांना पुढं उभं करून तिचा फोटो काढतो, तिला काहीच नाही!

कुणी म्हणेल, जुन्या तोफांवर कुठं असायचं असलं काही? असायचं. विजापूरला जाऊन मुलूखमैदान बघा. कोल्हापुरातल्या निम्म्या घरांनी शाळेच्या सहलीत ती पाहिलेली असते. ५५ टनांच्या आसपासची ती तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली, आणि हे आपल्याला कळतं ते तिच्यावरच्या लेखामुळं. ओतणाऱ्याचं नावही त्यावर आहे: महंमद बिन हुसेन रूमी. निजामशाही गेली, आदिलशाही गेली, मोगल येऊन गेले, आणि एका ओतकाम करणाऱ्याचं नाव आजही वाचता येतं. टिपू सुलतानाच्या कारखान्यातल्या बंदुका घ्या. त्यांच्यावर वाघाच्या पट्ट्यांची खूण, श्रीरंगपट्टणचं नाव, कारागिराचं नाव आणि टिपूनं चालवलेल्या मौलूदी सनातलं साल, तेही उजवीकडून डावीकडं लिहिलेलं. इंग्रजी तोफांवर तर राजाच्या मुद्रेबरोबर तोफेचं वजनही हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड अशा तीन आकड्यांत कोरलेलं असतं. कंपनी सरकारच्या बंदुकांच्या चापाच्या पट्टीवर आधी बदामाच्या आकाराची खूण आणि पुढं मुकुट धरलेला सिंह आला. संग्राहक आज त्या दोन खुणांवरून बंदूक कोणत्या काळातली ते सांगतात.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बिकानेरचं उदाहरण. १६८९ साली मोगलांच्या बाजूनं लढताना बिकानेरच्या अनुपसिंहानं दख्खनेतला आदोनीचा किल्ला जिंकला आणि तिथली दख्खनी शस्त्रं वाळवंटात नेली. जुनागड किल्ल्यातल्या शस्त्रागारात त्यांच्यावर बारीक ठिपक्याठिपक्यांनी देवनागरीत नोंदी ठोकल्या गेल्या. ती शस्त्रं घडवणारे लोहार आपल्याला माहीत नाहीत, पण त्या ठिपक्यांमुळं निदान एवढं निश्चित झालं की ही तलवार, हा जमदाड (कट्यार) १६८९ च्या आधीचा आणि दख्खनेतला आहे. शस्त्रागारातल्या कुठल्याशा कारकुनानं आणि ठोक्यानं केलेलं ते काम. दख्खनी शस्त्रांचा कालक्रम लावताना आज त्याचाच आधार घेतात.

आता आपल्याकडची स्थिती बघा. जगदंबा तलवारीविषयी आपण किती पिढ्या बोलतोय? १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला ज्या वस्तू मिळाल्या, त्यात कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून गेलेली ती तलवार आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा ती महाराजांचीच का, हा प्रश्न जोरात विचारला गेला तो कोल्हापुरातून. ज्या संग्रहालयानं ती पाठवली, त्यानंही निर्णायक पुरावा नसल्याचं मान्य केलेलं आहे. प्रश्न विचारणाऱ्यांना शिव्याही खाव्या लागल्या. पण जे गाव लंडनच्या संग्रहालयाकडं पुरावा मागतं, त्या गावानं आपल्या चौकातल्या, तालमीतल्या, दिवाणखान्यातल्या शस्त्रांचा पुरावा तयार करून ठेवायला नको का? आपण आज जे बनवतोय त्याचा पुरावा निर्माण करायला काहीच पडत नाही. अक्षरांचा पंच आणि हातोडा, पाच मिनिटांचं काम.

बंदुकीची गोष्ट तोफेपेक्षा नाजूक आहे, कारण ती घराघरांत शिरते. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावात नात्यातल्या माणसांकडं भिंतीवर तोड्याची बंदूक आहे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं. घरातल्या पोरांना सांगतात की खापरपणज्यांची. मला ती उतरवून बघायला दिली. लाकडी कुंदा जुना वाटला, पितळी पट्ट्याही बऱ्या होत्या. पण नळी मागून पुढंपर्यंत एकाच जाडीची. जुनी घडीव नळी मागं जाड असते, तोंडाकडं निमुळती होत जाते, कारण दारूचा दाब मागं असतो आणि लोहाराला ते ठाऊक होतं. तोंडातून विजेरी मारली तर आत शिवण सरळ रेषेत पळत गेलेली दिसली. पाण्याच्या पाइपला असते तशी. मागचा स्क्रू काढला, त्याच्या डोक्यावर चौफुलीची खाच. तसले स्क्रू १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत आले. आटे पिचगेजनं मोजले तर बरोबर एम-सहा, म्हणजे सहा मिलिमीटरचा मेट्रिक आटा. मेट्रिक मापं आपल्या देशात कायद्यानं १९५६ नंतरची. गंज मात्र फार सुरेख होता, सगळीकडं सारखा, ॲसिडनं आणतात तसा. खरा गंज असा शिस्तीत कधी चढत नाही.

आजींनी विचारलं, "काय रे, खरी हाय न्हवं?" मी म्हणालो, "कुंदा जुना हाय, आज्जी." त्यावर जास्त बोललो नाही. ते मला आजही बोचतं. ज्यानं कुणी ती बंदूक बनवली त्यानं नळीखाली नुसतं सन ठोकलं असतं, तर त्या म्हातारीसमोर माझ्यावर ही पाळी आली नसती. आणि तो कारागीर काही सामान्य नव्हता. पितळी पट्ट्यांवरचं वेलबुट्टीचं काम पाहून मी थक्क झालो. त्याचं नाव आज कुणालाच माहीत नाही. त्याची कला खापरपणज्यांच्या नावावर जमा झाली.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? १९५९ च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम सांगतं की बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह नसलेलं अग्निशस्त्र विकता येत नाही आणि असलेलं चिन्ह पुसणं गुन्हा आहे. चंदगड-आजऱ्याकडं शेतकऱ्यांकडं पीक राखायला परवान्याच्या ठासणीच्या बंदुका असतात, निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा होतात. त्या ओळखल्या जातात त्यांच्यावरच्या नंबरामुळं. पण जी नक्कल उडतच नाही ती या कायद्याच्या लेखी बंदूक नव्हे. दुसरीकडं १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो तो किमान शंभर वर्षं जुन्या वस्तूला. म्हणजे आजची नक्कल एका कायद्याला पुरेशी बंदूक नाही आणि दुसऱ्याला पुरेशी जुनी नाही. दोन्हीच्या मधल्या फटीत ती पडते, आणि तिथं तिला कुणीच नाव विचारत नाही. परदेशी न्यायची वेळ आली की मात्र त्रास बनवणाऱ्यालाच. वस्तू पुरावशेष नाही, असा पुरातत्त्व खात्याचा दाखला आणावा लागतो, तज्ज्ञांपुढं ती न्यावी लागते. धातूतच सन असेल तर तो दाखला अर्धा तिथंच झाला.

इटलीत ब्रेशियाजवळ व्हाल त्रोंपिया नावाचं खोरं आहे, शतकानुशतकं बंदुका घडवणारं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाला शंभर वर्षं होत आली तेव्हा तिकडच्या हौशी लोकांना जुन्या कोल्ट पिस्तुलांच्या नकला हव्या झाल्या, आणि त्या या खोऱ्यात बनू लागल्या. पेदेरसोली १९५७ ची, उबेर्ती १९५९ ची. त्या नकला खऱ्याच उडतात, म्हणून सरकारी चाचणीघरातून पार पडल्याशिवाय बाहेर जात नाहीत. काळ्या दारूच्या चाचणीची 'पीएन' अशी खूण, आणि वर्षाची सांकेतिक खूण: १९७४ पर्यंत रोमन आकड्यांवर चालणारी, १९७५ ला 'एए', १९७६ ला 'एबी', असं पुढं. साठ वर्षांपूर्वीची एखादी नक्कल आज कुठल्याही लिलावात आली तरी जाणकार नळीवरच्या त्या खुणेवरून तिचं जन्मसाल सांगतो. त्या खोऱ्यातल्या मालाची किंमत यामुळं घसरलेली नाही. उलट जुन्या इटालियन नकला आता स्वतःच्या हक्कानं जमवल्या जातात.

अमेरिकेनं १९७३ साली नकली नाण्यांसाठी कायदा केला: जुन्या नाण्याची प्रतिकृती असेल तर तिच्यावर 'कॉपी' हा शब्द ठळक हवाच. बंदुकीच्या नकलेला मात्र तिकडंही असली सक्ती त्या कायद्यानं नाही. २००१ साली संयुक्त राष्ट्रांत झालेल्या अग्निशस्त्रांच्या करारातही उत्पादकाचं नाव, ठिकाण आणि क्रमांक ठोकायचं कलम आहे, पण जुनी अग्निशस्त्रं आणि त्यांच्या नकला व्याख्येतूनच वगळल्या आहेत. त्यामुळं जगभर ही फट तशीच आहे. आपण ती आधी बुजवली तर कुणाची परवानगी लागणार नाही.

आता विरोधातली बाजू. ती खोटी नाही, म्हणून नीट घेतो.

मर्दानी खेळाचे आखाडे, शिवजयंतीची मिरवणूक, सहा जूनचा रायगडावरचा सोहळा, यात शस्त्र धरणाऱ्या पोरांना वाटतं की बंदुकीच्या नळीवर ठळक अक्षरात कारखान्याचं नाव आणि सन आलं तर सगळा भाव मोडतो. बरोबर आहे त्यांचं. अमेरिकेत जुन्या लढायांचे देखावे करणाऱ्यांचीही हीच तक्रार असते आणि तिथं नळीवरची आधुनिक अक्षरं घासून द्यायचा स्वतंत्र धंदाच चालतो. मी स्वतः एका इटालियन नकलेच्या नळीवर उत्पादकाचं नाव, मॉडेल, कॅलिबर आणि वर इशारा अशी ओळभर मजकुराची पाटी पाहिली आहे. ते कुरूपच दिसतं. पण उपाय घासणं हा नाही, जागा बदलणं हा आहे. ठासणीच्या बंदुकीची नळी कुंद्यात बसते ती अर्धी लाकडात बुडालेली असते. तिथं, नळीच्या पोटाला, अक्षरं मारा. मिरवणुकीत कुणाला दिसणार नाहीत, आणि ज्याला खरंखोटं करायचंय तो दोन खिळी काढून बघेल. तोफ ज्यांवर टेकते त्या बाजूच्या दोन्ही खुंटांच्या चपट्या तोंडावर मारा. तिथं मारायची रीत जुनीच आहे.

दुसरा आक्षेप धंद्याचा. नाव नसलेली वस्तू 'जुनी' म्हणून दुप्पट-तिप्पट भावानं जाते. हे कोण बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. त्यावर माझं उत्तर असं की तो जास्तीचा पैसा कारागिराच्या हातात कधीच पडत नाही. तो मधल्याला मिळतो. कारागिराला मजुरी मिळते आणि त्याचं नाव जातं.

तिसरा आक्षेप, की खूण घासता येते आणि खोटीही मारता येते. येते. फिरंगी तलवारींवर आंद्रेआ फेरारा हे इटालियन कारागिराचं नाव जर्मनीतल्या झोलिंगेनच्या लोहारांनी इतक्यांदा ठोकलं की आज त्या नावावरून काहीच सिद्ध होत नाही. पेशावरच्या खालच्या दर्रा आदमखेलमध्ये बनलेल्या इंग्रजी रायफलींच्या नकलांवर मुकुट असतो, राणीची अक्षरं असतात, फक्त इंग्रजी 'एन' कधी कधी उलटा पडलेला. पण म्हणून खूणच नको असं म्हणणं म्हणजे खोट्या नोटा निघतात म्हणून कोऱ्या कागदावर व्यवहार करणं. आणि इथं धातूची एक गोष्ट सांगायला हवी. पंच ठोकला की अक्षराखालचं पोलाद आतपर्यंत दबतं. वरून अक्षर घासून गुळगुळीत केलं तरी ते दबलेलं राहतं, आणि योग्य ॲसिड लावलं की अक्षर पुन्हा वर येतं. गुन्हे अन्वेषणाच्या प्रयोगशाळांत घासलेले नंबर असेच वाचतात. म्हणून माझा आग्रह पंचाचाच आहे. लेझरनं वरवर कोरलेलं, ओतीवात उठावानं आलेलं, रंगानं लिहिलेलं चालणार नाही. पोलादावर खोल ठोकलेलंच हवं.

एक धोका याहून तातडीचा आहे. भिंतीवरची नक्कल जुनी समजून, म्हणजेच दणकट समजून, कुणीतरी लग्नात नाहीतर गणपतीत बार काढायला तिच्यात दारू भरतो. आपल्या देशातून परदेशात जाणाऱ्या अनेक ठासणीच्या नकलांना बत्तीचं छिद्र मुद्दाम पाडलेलं नसतं, कारण त्या शोभेच्या म्हणून जातात. पण छिद्र कुणीही पाडतो. शिवणीचा पाइप दाब सोसायला बनलेला नसतो. बनवणाऱ्यानं नावाशेजारी 'शोभेची' एवढा शब्द ठोकला असेल तर निदान वाचता येणारा हात थांबेल.

कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, आता साधी अंगठी घेतली तरी भिंगाखाली सहा अक्षरांचा नंबर दाखवतात. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही. त्याविरुद्ध २०२१ साली सराफांनी संप केला होता, आज त्याचीच जाहिरात करतात. आणि चप्पल? २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात आपली चप्पल दिसली आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं, तेव्हा हे गाव पेटून उठलं होतं. २०१९ चं भौगोलिक मानांकन आपण जगाला दाखवलं. शेवटी कंपनीला प्रेरणा कुठून घेतली ते मान्य करावं लागलं. मला त्या दिवसांत फार अभिमान वाटला. चांभाराचं नाव चपलेला लागलं पाहिजे म्हणून आपण भांडलो. मग लोहाराचं, ओतकाम्याचं, बंदुकीचा कुंदा घडवणाऱ्या सुताराचं नाव त्याच्या कामाला लागू नये, असं आपण कसं म्हणतो?

मागच्या महिन्यात एका तालमीची पोरं आली होती. दसऱ्यासाठी पाच ठासणीच्या नकला हव्यात, सगळ्या भरीव नळीच्या, तोंडाला फक्त इंचभर खोलगा. भाव ठरला. मी सांगितलं, प्रत्येकीच्या नळीखाली आमच्या फौंड्रीचं नाव, कोल्हापूर आणि सन येणार. म्होरक्या अडला. "काका, नाव मारलं की खोटी वाटती ओ." मी आमच्याकडचा एक नमुना कुंद्यातून काढून त्याच्या हातात दिला. तो अक्षरांवरून अंगठा फिरवत बराच वेळ उभा राहिला. मग नळी परत बसवली, खांद्याला लावून बघितली, पुन्हा काढली.

"तालमीचं नाव पण बसंल का हितं?"

तीन मिलिमीटरचे पंच आहेत. बसतं.